चीनमधील भेटवस्तूंचे संकेत
चिनी संस्कृतीत भेटवस्तू निवडताना तिच्या किमतीबरोबरच नावाचा उच्चारही पाहिला जातो. मँडरिन भाषेत समोच्चारी शब्द पुष्कळ असल्याने काही वस्तू अशुभ मानल्या जातात. ‘घड्याळ भेट देणे’ (सोंग चोंग) या शब्दांचा उच्चार ‘मरणासन्न वडीलधाऱ्यांची अखेरची सेवा व अंत्यविधी करणे’ या अर्थाच्या शब्दांसारखाच होतो. छत्रीचे नाव (सान) ‘विखुरणे’ या क्रियापदाशी, तर ४ या अंकाचे नाव ‘मृत्यू’ या शब्दाशी उच्चारसाम्य राखते. ८ हा अंक मात्र समृद्धीसूचक समजला जातो.

हे संकेत तैवानमध्येही पाळले जातात. जानेवारी २०१५ मध्ये ब्रिटनच्या परिवहन राज्यमंत्री सुझन क्रेमर यांनी तैपेईचे महापौर को वेन-जे यांना खिशात ठेवायचे घड्याळ भेट दिले. या संकेताची कल्पना नसल्याचे सांगून त्यांनी नंतर माफी मागितली.