बाल्कनचा इतिहास वाचायचाय? आधी आकडा कुठून आला ते बघा

आजचा भाग पुस्तकांवर आहे, आणि प्रदेश आहे बाल्कन. म्हणजे युरोपचा आग्नेय कोपरा: सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया, कोसोव्हो, अल्बानिया, उत्तर मॅसेडोनिया, बल्गेरिया, ग्रीस. प्रश्न साधा आहे. आपल्यासारख्या नवख्याला समजेल आणि कुणा एकाची तळी उचलणार नाही, असं पुस्तक कुठलं?

समजेल असं पुस्तक पटकन सापडतं. गोची आहे ती दुसऱ्या अटीत.

एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियात नाझींच्या पाठबळावर उस्ताशा नावाच्या फॅसिस्ट संघटनेचं राज्य होतं. त्यांनी यासेनोवाच या ठिकाणी छळछावणी चालवली. तिथे सर्ब, ज्यू, रोमा आणि राजवटीला विरोध करणारे क्रोएट मारले गेले. किती? युगोस्लाव्हिया एकत्र होता तेव्हा वर्षानुवर्षं ७ लाख हा आकडा सांगितला जायचा. मग १९८९ मध्ये फ्रान्यो तुजमान यांनी आपल्या पुस्तकात तो ३० ते ४० हजारांवर आणला. पुढच्याच वर्षी हे तुजमान क्रोएशियाचे अध्यक्ष झाले. आता सर्ब माणसाच्या जागी उभं राहून बघा. घरातली माणसं त्या छावणीत गेलेली, आणि नवा अध्यक्ष म्हणतोय की तेवढं काही झालं नव्हतं. तिकडे बेलग्रेडचा टीव्ही रोज मोठा आकडा ऐकवतोय. १९९१ मध्ये युद्ध पेटलं, त्याला असं सरपण बरंच होतं.

आज यासेनोवाचच्या स्मारक-संग्रहालयाच्या यादीत ८३,१४५ जण आहेत. नावानिशी. यादी अजूनही पूर्ण झाल्याचं कुणी म्हणत नाही, पण एकेक नाव तपासता येतं.

माझ्यापुरती चाळणी हीच. लेखक कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा हे मी नंतर बघतो. आधी बघतो की त्याने आकडा दिलाय तो कुठून आणलाय, आणि स्वतःच्या लोकांना अडचणीची ठरणारी गोष्ट तो सांगतो का. बोस्नियाच्या युद्धात (१९९२ ते १९९५) दोन-अडीच लाख लोक मेले असं जगभर छापून आलं होतं. साराजेवोच्या मिर्साद तोकाचा यांच्या संस्थेने एकेक मृत्यू नोंदवत २००७ मध्ये ९७,२०७ नावं जाहीर केली. त्यांचे स्वतःचे बोस्नियाक लोकच भडकले, आमचं दुःख कमी करताय म्हणून. पण त्याच नोंदींतून हेही पक्कं झालं की मेलेल्या नागरिकांत बोस्नियाक ८० टक्क्यांहून जास्त होते. हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयातल्या तज्ज्ञांनी वेगळी आकडेमोड केली, तीही १ लाख ५ हजारांच्या आसपास आली. आकडा खाली आला आणि गुन्हा मात्र जास्त स्पष्ट झाला.

बरं, आता पुस्तकं. सुरुवात मार्क मझॉवर यांच्या ‘द बाल्कन्स’ने करा. दीडशे-पावणेदोनशे पानांचं, २००० सालचं. एका वीकेंडात होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ही माणसं हजार वर्षं एकमेकांचे गळे कापत नव्हती. ऑटोमन काळात गावकऱ्याला ‘तू कोण’ विचारलं तर तो ‘ख्रिश्चन’ किंवा ‘मुसलमान’ म्हणायचा. ‘तू ग्रीक की बल्गेरियन’ हा प्रश्नच त्याला विचित्र वाटायचा. राष्ट्र ही कल्पना एकोणिसाव्या शतकात आली, आणि एका राष्ट्राला एकच जमीन हवी म्हटल्यावर शेजारी उपरा झाला.

मोठा ग्रंथ हवा असेल तर मिशा ग्लेनी. १८०४ च्या सर्ब उठावापासून १९९९ पर्यंत. पत्रकाराचा हात आहे, त्यामुळे पळतं. बर्लिन, व्हिएन्ना, लंडनमध्ये बसून नकाशे कापणाऱ्यांना ते सोडत नाहीत. फक्त बोस्नियावर हवं असेल तर नोएल माल्कम, १९९४. तळटीपा भरपूर. याच माल्कम यांच्या कोसोव्होवरच्या पुस्तकावर सर्बियन इतिहासकार तुटून पडले होते. तो वादही वाचा. कोण पुरावा देतंय आणि कोण नुसतं चिडलंय ते लगेच कळतं.

एका पुस्तकाबद्दल मात्र जपून. रॉबर्ट कॅप्लन यांचं ‘बाल्कन गोस्ट्स’, १९९३. भाषा झकास, वातावरण जबरदस्त. पण वाचून डोक्यात एवढंच उरतं की इथलं वैर प्राचीन आहे, त्याला इलाज नाही. बिल क्लिंटन यांनी हे वाचलं आणि बोस्नियात हात घालायला ते कचरले, असं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये बोललं गेलं. कॅप्लन स्वतः हस्तक्षेपाच्या बाजूचे होते, आणि मी प्रवासवर्णन लिहिलं होतं असं त्यांनी नंतर सांगितलं. असेलही. पण साराजेवोचा वेढा जवळपास चार वर्षं चालला, आणि ‘हे असंच असतं तिकडे’ हे वाक्य दूर बसलेल्यांना फार सोयीचं होतं. या सवयीवरच मारिया तोदोरोवा या बल्गेरियात जन्मलेल्या इतिहासकार बाईंनी १९९७ मध्ये ‘इमॅजिनिंग द बाल्कन्स’ लिहिलं. जड आहे, पहिल्या झटक्यात घेऊ नका. (बाल्कन म्हणजे तुर्की भाषेत डोंगर. तेवढंच. बाकीची बदनामी नंतर चिकटली.)

आणि फुकटातलं सोनं: थेस्सालोनिकीच्या एका संस्थेने तिथल्याच देशांतल्या इतिहासकारांना एकत्र बसवून शाळांसाठी मूळ कागदपत्रांची पुस्तकं काढली. संपादक क्रिस्तिना कुलुरी. १३८९ ची कोसोव्होची लढाई घ्या, बाल्कन युद्धं घ्या. एकाच घटनेची सर्ब, तुर्की, बल्गेरियन, ग्रीक कागदं शेजारी शेजारी. निकाल कुणी देत नाही, खाली प्रश्न असतात. पीडीएफ इंग्रजीतही आहेत, फोनवर नीट उघडतात. बोस्नियात काही शाळांमध्ये आजही एकाच इमारतीत क्रोएट आणि बोस्नियाक मुलं वेगवेगळ्या वर्गांत वेगवेगळा अभ्यासक्रम शिकतात. त्यांच्यासाठी अशा पुस्तकाची किंमत काय असेल बघा.

कादंबरी वाचायची असेल तर इवो आंद्रिच यांची ‘द ब्रिज ऑन द द्रिना’ आहेच. त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. विशेग्रादच्या सोळाव्या शतकातल्या ऑटोमन पुलाची ही गोष्ट. फक्त तिला इतिहास म्हणून वाचू नका, मुसलमान पात्रांच्या चित्रणावर बोस्नियाक वाचकांचे आक्षेप आहेत. आणि वाचून झाल्यावर १९९२ च्या उन्हाळ्यात त्याच पुलावर काय झालं ते हेगच्या निकालपत्रांत शोधा. सर्ब बंदूकधाऱ्यांनी बोस्नियाक माणसांना त्या पुलावर आणून मारलं आणि नदीत टाकलं. ती निकालपत्रंही ऑनलाइन आहेत, साक्षींसकट.