चिंधीचे मोल



माझे शालेय शिक्षण बेताचेच झाले. पुढे जे काही शिकलो, ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातली पुस्तके वाचून आणि कामगार स्त्री-पुरुषांशी बोलून. तेव्हा आज इतिहासावर बोलायला उभा राहिलो असलो, तरी हा इतिहास राजेरजवाड्यांचा नव्हे. तो चिंधीचा आहे.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत दुपारची बोहारीण येत असे. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीशी कपड्यांचे गाठोडे. आई दोन जुन्या साड्या आणि वडिलांची विजार पुढे टाकी. बोहारीण एकेक कापड उजेडात धरून विरलेली जागा दाखवी. आणि बऱ्याच घासाघिशीनंतर एक पातेले घरात येई. त्या कपड्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. धड असतील ते धुऊन, शिवून बाजारात जात. अगदीच फाटके असतील ते यंत्रे पुसण्याच्या कामी येत. जुने कपडे वापरात आणणे ही आज नवी चाल म्हणून सांगितली जाते. चाल चांगलीच आहे. पण ती जुनी आहे, आणि तिच्या मागे नेहमी कुणाचे तरी हात राबत आले आहेत.

या हातांचा इतिहास पाहायचा, तर इंग्लंडात यॉर्कशरमधील बॅटली या गावी जावे लागेल. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे तिकडे लोकरीची टंचाई झाली होती. त्या काळात, १८१३ च्या सुमारास, बेंजामिन लॉ नावाच्या कापडवाल्याने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून सूत काढण्याची युक्ती बसवली. या मालाला 'शॉडी' म्हणत. बॅटली आणि शेजारचे ड्यूजबरी ही गावे या धंद्यावर वाढली. देशोदेशींचे टाकलेले कोट आणि विजारी तिथे गाठोड्यांनी येऊ लागल्या.

काम कसे चाले? आधी चिंध्या निवडायच्या: रंगाप्रमाणे, पोताप्रमाणे. रंग नीट निवडला की पुष्कळदा पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचे. मग शिवणी उसवायच्या, बटणे काढायची. त्यानंतर दातेरी रूळाच्या यंत्रात चिंध्यांचे तंतू सुटे होत. त्या यंत्राला कामगार 'सैतान' म्हणत, आणि त्यातून उडणाऱ्या धुळीला सैतानाची धूळ. निवडण्याचे काम मुख्यतः बायकामुलींचे. कार्ल मार्क्सने आपल्या 'भांडवल' या ग्रंथात चिंध्या निवडणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख केला आहे. हे काम अत्यंत गलिच्छ आणि कमी मजुरीचे असून चिंध्यांतून येणाऱ्या देवीसारख्या साथीचा पहिला घाला या बायकांवरच पडतो, असे त्याने नोंदवले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. मक्तेदारांनी सैन्याला हलक्या शॉडीचे गणवेश पुरवले आणि ते अंगावरच विटून फाटले. तेव्हापासून इंग्रजीत 'शॉडी' म्हणजे निकृष्ट, असा अर्थ रूढ झाला. नफा मक्तेदाराने खाल्ला आणि बदनामी चिंधीच्या वाट्याला आली!

पण याच मुलखात १८७५ साली आणखी एक गोष्ट घडली. मालकांनी मजुरीत कपात जाहीर केली, तेव्हा बॅटली-ड्यूजबरीच्या विणकरांनी संप पुकारला. संपाचे पुढारपण ॲन एलिस आणि तिच्या सहकारी स्त्रियांच्या समितीने केले. ज्या काळात ब्रिटनमध्ये स्त्रीला पार्लमेंटसाठी मतही देता येत नव्हते, त्या काळात! आणि या लढ्यातून विणकरांची संघटना उभी राहिली. टाकलेल्या कापडातून नवे कापड होते, हे मालकांना ठाऊक होते. टाकून दिलेल्या माणसांतून संघटना होते, हे त्यांना त्या वर्षी कळले.

पुढे हा धंदा इंग्लंडात ओसरला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे हरियाणातील पानिपतला फोफावला. पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. पण त्याच गावी पाश्चात्य देशांतून आलेले लोकरी कोट विळीसारख्या उभ्या पात्यावर चिरून बायकांनी बटणे काढली, रंगांचे ढीग लावले, आणि त्यांतून झालेली स्वस्त ब्लँकेटे भूकंप-पुराच्या मदतीत कित्येकांच्या अंगावर पडली. बॅटलीचे काम पानिपतला आले, तसे बॅटलीची धूळही आली.

मंडळी, जुने कपडे घेऊ नका, असे मी सांगत नाही. अवश्य घ्या. जुन्या साडीचा झगा करा, धोतराची गोधडी शिवा. नवे कापड कमी लागले, तर पाणी वाचेल, रंगाची घाण नदीत कमी जाईल. माझे म्हणणे एवढेच की, काटकसरीचे श्रेय घेताना तिची किंमत कोण भरतो, हेही विचारावे. निवडणारीला मजुरी किती? तिच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुळीचा बंदोबस्त काय? तिचे नाव हजेरीपटावर आहे काय?

आमची आई बोहारणीशी पातेल्यासाठी भांडे. पण शेवटी तिला पाणी विचारी, आणि ती दोन घटका उंबऱ्यावर टेके. पाणी विचारणे हा माणुसकीचा आरंभ झाला. मजुरी विचारणे ही त्याची पुढची पायरी. ती चढायची अजून बाकी आहे.