एकच शक, दोन अग्नी

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शक 982 असा उल्लेख आहे. त्यात 78 मिळवा, इसवी सन 1060 येतं. हीच शकगणना हिंदी महासागरापलीकडे, बाली बेटावर, आजही चालू आहे. 2025 साली तिथे 29 मार्चला नवं वर्ष लागलं, आपला पाडवा 30 मार्चला झाला. आकडा दोन्हीकडे एकच : 1947.

आता त्यांच्या वर्षाची शेवटची संध्याकाळ पाहा. मशाली पेटतात, भांडी बडवली जातात, अनिष्ट शक्तींना हाकललं जातं. बांबू-कागदाचे राक्षसी पुतळे मिरवून जाळतात. त्यांना 'ओगोह-ओगोह' म्हणतात. पुतळ्यांची ही प्रथा 1980च्या दशकात रुळली. हे ऐकून बदलापूरच्या माणसाला आपला शिमगाच आठवेल. आगही तीच, बोंबही तीच!

फरक आहे तो दुसऱ्या दिवशी. बालीत त्या दिवसाला 'न्येपी' म्हणतात. चार गोष्टी वर्ज्य : अग्नी, काम, प्रवास, करमणूक. पहिल्या नियमाचं नाव 'अमति गेनी'. गेनी म्हणजे आपला अग्नी. चूल पेटत नाही, दिवे मालवतात, विमानतळसुद्धा दिवसभर बंद असतो.

आपल्याकडे होळीनंतर धुळवड येते, आपण राख अंगाला लावतो. पाडवा त्यानंतर पंधरा दिवसांनी, कारण आपला फाल्गुन अमावास्येला संपतो. उल्हासनगरचे सिंधी बांधव चेटीचंडला कणकेचा दिवा लावून बहिराणा काढतात आणि तो पाण्यात सोडतात. म्हणजे पेटवलेल्या अग्नीचं पुढे काय करायचं, याची तीन उत्तरं झाली : राख, पाणी आणि अंधार.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मला बालीचं उत्तर सगळ्यात अवघड वाटतं. जुनं जाळणं सोपं असतं. चार माणसं जमली की उत्साह आपोआप येतो. जाळून झाल्यावर स्वतः गप्प बसणं कठीण. आपल्याकडे म्हणतातच, शिमगा गेला तरी कवित्व उरतं. बालीचे लोक त्या उरलेल्या कवित्वालाच एक दिवस मालवतात. आपल्याला विमानतळ बंद करायचा नाही. पण होळी आणि पाडव्यामधला पंधरवडा आपल्याकडे आहेच. त्यातली एक संध्याकाळ भोंग्याशिवाय, मोबाइलशिवाय काढून पाहायला काय हरकत आहे? मग गुढी उभारताना नवं काय, हे निदान ऐकू तरी येईल.