गर्भाची हालचाल

पोटातल्या बाळाचे वळणे, ढोसणे, लाथ मारणे आईला जाणवते ते. सोनोग्राफीत गर्भ आठव्या आठवड्याच्या सुमारासच हलताना दिसतो. आईला मात्र ते साधारण १६ ते २० आठवड्यांदरम्यान कळू लागते, पहिलटकरणीला जरा उशिराच. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर सुरुवातीच्या हालचाली दबून जातात. २४ आठवडे होऊनही काहीच जाणवले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

हालचाली सुमारे ३२ आठवड्यांपर्यंत वाढतात आणि मग त्याच पातळीवर राहतात. शेवटी जागा अपुरी पडल्याने लाथांऐवजी सरकणे, वळणे अधिक जाणवते. पण हालचाल कमी होत नाही. नववा महिना लागला की बाळ शांत होते, ही घरोघरी सांगितली जाणारी समजूत चुकीची आहे आणि घातकही. बाळ पोटात झोपते, पण एका वेळी बहुधा २० ते ४० मिनिटेच. ९० मिनिटांपलीकडे क्वचित. वारेतून प्राणवायू कमी पोहोचू लागला की गर्भ हालचाल आवरती घेतो. मंदावलेली हालचाल ही इशारा ठरते ती यामुळे.

१९७६ मध्ये पिअर्सन आणि वीव्हर यांनी दिवसाकाठी दहा हालचाली मोजण्याची पद्धत मांडली. ‘कार्डिफ तक्ता’ तो हाच. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, सुमारे ६८,००० स्त्रियांच्या चाचणीत मात्र सरसकट रोजच्या मोजणीने गर्भमृत्यू घटल्याचे दिसले नाही. त्यामुळे कोणत्याही एका आकड्यावर विसंबू नये. आपले बाळ एरवी केव्हा आणि किती खेळते हे आईला ठाऊक असते. त्यात पडलेला फरक महत्त्वाचा.

२८ आठवड्यांनंतर नुसती शंका असेल तर डाव्या कुशीवर पडून दोन तास लक्ष द्यावे. दहा हालचाली भरल्या नाहीत तर लगेच रुग्णालय गाठावे. हालचाल थांबली किंवा उघडच मंदावली असेल, तर हे दोन तासही थांबू नये. गोड खाऊन, गार पाणी पिऊन वाट पाहण्यात वेळ जातो. घरच्या डॉपलरवर ठोके ऐकू आले म्हणजे बाळ सुखरूप, असेही नाही. रुग्णालयात ठोक्यांचा आलेख (एनएसटी), रक्तदाब, पोटाची वाढ आणि गरजेनुसार सोनोग्राफी पाहतात. एकदाच हालचाल मंदावलेल्या सुमारे ७० टक्के स्त्रियांचे बाळंतपण पुढे विनातक्रार होते. पण आदल्या दिवशीची तपासणी चांगली आली होती म्हणून दुसऱ्यांदा जायला संकोच करू नये. रात्र असली तरी जावे.