शिवेचा दगड

जव्हारच्या राज्याची पहिली शीव कातड्याने आखली गेली, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच असेल. जयबा मुकणे यांनी वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने हसून होकार दिला. जयबांनी त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि सारी टेकडीच वेढून घेतली! अशीच कथा कार्थेजच्या दिदो राणीविषयीही सांगतात. म्हणून तिला दंतकथा म्हणणेच बरे. पुढे 1343 मध्ये नेमशहांना दिल्लीच्या सुलतानाकडून ‘शहा’ हा किताब मिळाला, आणि 1948 मध्ये संस्थान विलीन झाले.

कातड्याची शीव कोणी पाहिली नाही. परंतु राज्य राखणारे दगड मात्र अजून उभे आहेत. झाप गावाजवळचा भूपतगड पिंजाळ नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवून आहे. पडका दरवाजा, तटाचे अवशेष आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी, एवढेच आता तेथे दिसते.

येथे एक कबुली द्यावयास हवी. लग्नानंतर मी प्रथम गडावर गेले, तेव्हा एक लहानसा घडीव दगड पिशवीत घालून घरी आणला आणि तुळशीपाशी बसवला. त्यात काही वावगे आहे, हे मला ठाऊकच नव्हते. आज तो परत न्यावा म्हटले, तर नेमका कोठून उचलला हेच आठवत नाही.

‘ठाऊक नव्हते’ या शब्दांनी केवढे नुकसान होते पाहा. इंग्लंड व वेल्स यांच्या सीमेवर ऑफा राजाच्या नावाने ओळखला जाणारा मातीचा लांबलचक बांध आहे. ऑफा आठव्या शतकातला. बांध कायद्याने संरक्षित. तरीही 2013 मध्ये चर्क गावाजवळ त्याचा सुमारे 45 मीटर भाग यंत्राने सपाट झाला. तो संरक्षित आहे हे करणाऱ्यास माहीत होते, असे सिद्ध करता येईना. म्हणून खटला उभा राहिला नाही. अखेर 2016 मध्ये वेल्सला ही पळवाट आवळणारा नवा कायदा करावा लागला.

आपल्याकडेही केंद्राचा 1958 चा आणि महाराष्ट्राचा 1960 चा कायदा आहे. पण प्रत्येक डोंगरावर शिपाई कोण बसवणार? गुरे राखणारी मुले, सरपणाला जाणाऱ्या बाया, सहलीला येणारे आपण, हेच खरे राखणदार. म्हणून या वर्धापनदिनी एवढेच ठरवू या: मुलाबाळांना गड दाखवावा, त्याची हकिगत सांगावी, दगडावर नाव लिहू देऊ नये, आणि कोणी गुप्तधनाच्या लोभाने खणताना दिसला तर तलाठ्यास कळवावे.

निदान आपल्या मुलांना तरी ‘ठाऊक नव्हते’ म्हणण्याची पाळी येऊ नये.