भाव आणि जागृती (ख्रिस्ती धर्मविचार)

भाव आणि जागृती : ख्रिस्ती साधनेतील दोन अन्योन्याश्रित तत्त्वे. परमेश्वरावर जिवाचा सर्व भार टाकणे म्हणजे भाव, आणि मोह, आळस व आत्मवंचना यांच्याविरुद्ध अंतःकरण सावध ठेवणे म्हणजे जागृती. ही दोन तत्त्वे प्रथमदर्शनी विसंगत भासतात. कारण ज्याने आपला भार देवावर सोपविला त्याने निश्चिंत निजावे असे व्यवहार सांगतो, आणि ज्याला रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसावे लागते त्याचा धन्यावर भरवसा तो कसला, अशी शंकाही तोच व्यवहार काढतो. ख्रिस्ती शास्त्राचे उत्तर असे की, पहारेकरी जागतो तो धनी येईल की नाही या संशयाने नव्हे, तर तो खात्रीने येणार म्हणून.

विश्वास हा संस्कृत शब्द ‘श्वस्’ धातूपासून आलेला असून त्यात निर्धास्त श्वासाची छटा आहे; हिब्रू भाषेतील समानार्थी धातूत मात्र पक्केपणाचा, अचलतेचा भाव असून प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘आमेन’ त्याच धातूचा वंशज होय. जागृतीविषयीचा हिब्रू शब्दखेळ अधिक मनोरम आहे. यिर्मया संदेष्ट्याला बदामाची डहाळी दिसते. बदाम म्हणजे ‘शाकेद’, आणि परमेश्वर त्याला सांगतो की आपण आपल्या वचनाविषयी ‘शोकेद’, म्हणजे जागे आहोत. थंडी सरण्यापूर्वीच फुलणारे ते झाड त्या देशात जागेपणाचे सहज प्रतीक ठरले असावे. मराठीतील बिचाऱ्या बदामाला हा श्लेष पेलत नाही. लक्षात घेण्याजोगे हे की, येथे प्रथम जागतो तो देव, आणि माणसाची जागृती ही त्या जागेपणाला दिलेली साद असते.

शुभवर्तमानांत झोपेचे दोन प्रसंग परस्परांसमोर ठेवून वाचावेत. मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात वादळात तारू पाण्याने भरत असता येशू मागच्या बाजूस उशी घेऊन निजलेला आहे; ती झोप भावाची. चौदाव्या अध्यायात गेथशेमाने बागेत त्याचे शिष्य पुन्हा पुन्हा निजतात. ती झोप डोळे जड झाल्याची, हाकेला उत्तर न देण्याची. दहा कुमारींच्या दृष्टांतातील एका तपशिलाकडे तर उपदेशकांचे अनेकदा दुर्लक्ष होते : वराला उशीर झाला तेव्हा शहाण्या पाचही निजल्या होत्या, आणि मूर्ख पाचही. भेद झोपेत नव्हता, दिव्यांसाठी बरोबर घेतलेल्या तेलात होता. सबब जागृती म्हणजे निद्रानाश नव्हे, तर आगाऊ करून ठेवलेली तजवीज, हा अर्थ या लेखकास अधिक ग्राह्य वाटतो. नहेम्यानेही यरुशलेमच्या तटाचे बांधकाम करताना प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसविला. त्याने एकाच्या भरवशावर दुसरे सोडले नाही.

मार्कच्या तेराव्या अध्यायातील द्वारपाळाचा दृष्टांत मराठी मुलखात विशेष जवळचा ठरावा. परदेशी निघालेला घरधनी प्रत्येक चाकराला त्याचे काम नेमून देतो व द्वारपाळाला जागे राहण्याची ताकीद देतो. धनी संध्याकाळी परतेल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, हे कोणास ठाऊक नाही. ही रोमन पद्धतीची चार पाळ्यांची रात्र आपल्या चार प्रहरांशी आपसूक जुळते. द्वारपाळ तर येथे परिचितच : गावगाड्यातील वेसकर व जागल्या. वेशीवरची ही राखण बहुधा महार वतनदारांकडे असे, आणि अहमदनगर व मराठवाडा भागांत ख्रिस्ती मंडळीत आलेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतीलच होते. बलुत्याच्या भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वाड्यासाठी जागलेल्या घरांत हा दृष्टांत वाचला गेला, तेव्हा ‘जागत राहा’ ही आज्ञा त्यांना नवी नव्हती. नवे होते ते इतकेच की, या धन्यापुढे वेशीबाहेर उभे राहावे लागत नव्हते.

वेशीप्रमाणे शिवारातही अशी राखण असते. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावच्या काळ्या शिवारात रब्बी ज्वारी हुरड्यावर आली की दिवसा पाखरांसाठी गोफण आणि रात्री रानडुकरांसाठी पत्र्याचा डबा घेऊन, घोंगडे पांघरून माळ्यावर बसावे लागते. पीक देवाचे, हे त्या राखणदाराला कोणी शिकवावे लागत नाही. आणि म्हणून तो खाली उतरून घरी निजायला जात नाही. भाव व जागृती यांचा संबंध सांगण्यास याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण.

महाराष्ट्रात या दोन्ही तत्त्वांची सर्वांत कसून परीक्षा झाली ती पुणे जिल्ह्यातील केडगावी. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाने दहा वर्षांपुरते पत्करलेले साहाय्य १८९८ मध्ये मुदत संपून थांबण्याच्या बेतात होते, आणि नेमके त्याच साली या मुलींसाठी मुक्तिसदन हे आश्रयगृह उभे राहिले. बाईंनी देवावर हवाला ठेवला, तसाच विहिरी, शेती, विणकाम व छापखाना यांवरही डोळा ठेवला. १९०५ च्या प्रारंभी त्यांनी खास प्रार्थनेसाठी मुलींचा एक गट जमविला. सुमारे सत्तरांचा तो गट जूनपर्यंत साडेपाचशेवर गेला. त्या महिन्याच्या अखेरीस एका रात्री प्रार्थनामग्न मुलीभोवती ज्वाळा दिसल्याचे शेजारणीला वाटले आणि ती पाण्याची बादली आणायला धावली; बादली ओतणार तोच तिला कळून आले की काहीच जळत नाही. रमाबाईंच्या सहकारी मिशनरी मिनी एब्रम्स यांनी नोंदविलेल्या या हकीकतीचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे लावावा. परंतु त्या रात्री जागी होऊन पाण्यासाठी धावलेली ती शेजारीणही या नोंदीत उल्लेखास पात्र आहे.

पुढे रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर हाती घेतले. कन्या मनोरमाबाई १९२१ मध्ये निवर्तल्या, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला; त्याचे खिळे मुक्तिसदनातील स्त्रियांनी जुळविले होते.