सावत्र नात्यांची एक अपुरी कादंबरी

सावत्र आई म्हटली की कहाण्यांतील ती छळवादी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. एलिझाबेथ गॅस्केल या इंग्रज लेखिकेने 'वाइव्ह्ज अँड डॉटर्स' या कादंबरीत तिला रजा दिली आणि सावत्र संसार प्रत्यक्षात कसा घडतो, ते दाखविले. ऑगस्ट १८६४ पासून ही कथा 'कॉर्नहिल मॅगझिन'मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली.

त्या काळच्या इंग्लंडात असे संसार निर्माण होत ते मुख्यतः मृत्यूमुळे. न्यायालयातून घटस्फोट मिळण्याची सोय १८५७ च्या कायद्याने झाली खरी, पण ती सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. पती वा पत्नी अकाली दगावे आणि मागे राहिलेल्याचे दुसरे लग्न पुष्कळदा प्रीतीपेक्षा गरजेपोटी होई. १८१० साली जन्मलेल्या गॅस्केलबाईंना हे घरचेच होते. त्या वर्षभराच्या असताना आई वारली आणि नट्सफर्ड गावी मावशीने त्यांना वाढविले. १८१४ मध्ये वडिलांनी पुन्हा लग्न केले. पण त्या घरात त्यांना कधी सुख लाभले नाही.

कादंबरीतील हॉलिंगफर्ड हे गाव नट्सफर्डवरूनच बेतलेले आहे. तेथील विधुर डॉक्टर गिब्सन यांची कन्या मॉली नुकती वयात आलेली. त्यांच्या हाताखाली शिकणारा एक तरुण तिला प्रेमपत्र लिहितो. घरात वडीलधारी स्त्री हवी, असे डॉक्टरांच्या मनाने घेते ते तेव्हा! नवी पत्नी कर्कपॅट्रिकबाई ही विधवा. सरदारघराण्यात शिक्षिकेची चाकरी आणि पुढे स्वतःची शाळा, यांत ती थकून गेली आहे. मागणी येताच तिला रडू कोसळते. पोटासाठीची धडपड एकदाची संपली, या सुटकेचे ते रडू होय.

ही बाई क्रूर नाही, उथळ आहे. डॉक्टरांचे आवडते पाव-चीजचे खाणे तिला गावंढळ वाटते. मॉलीच्या खोलीतील तिच्या मृत आईच्या वेळचे सामान काढून ती नवे आणविते आणि हे प्रेमापोटीच केले, असे स्वतःस पटवून देते. मॉलीला बोलता येत नाही, कारण तक्रार केल्यास दुखावतील ते वडील.

लेखिकेचे खरे धाडस मात्र सिंथियाच्या चित्रणात आहे. सिंथिया ही या बाईची पोटची मुलगी. पण आपल्यापुढे तिचे रूप उठून दिसेल म्हणून आईने तिला लग्नालासुद्धा बोलाविले नव्हते. लहानपणापासून दूर शाळेत टाकलेल्या या मुलीला आईविषयी ओढ नाही. तिला माया मिळते ती सावत्र बहिणीकडून. सिंथियाची जुनी पत्रे एका गृहस्थाने अडकवून ठेवलेली असतात. ती सोडविण्यासाठी मॉली स्वतःची अब्रू पणास लावते, गावाची कुजबुज निमूटपणे सोसते आणि बहिणीचे गुपित फोडत नाही. रक्ताचे नाते जेथे कोरडे पडले, तेथे लग्नाने जोडलेले नाते उभे राहिले.

१२ नोव्हेंबर १८६५ रोजी गॅस्केलबाई अकस्मात वारल्या. शेवटचा भाग लिहावयाचा राहिला. मॉली व रॉजर हॅम्ली यांचा विवाह व्हावयाचा होता, एवढे संपादक फ्रेडरिक ग्रीनवुड यांनी टिपण जोडून वाचकांस कळविले. अपुरे राहिले ते हे लग्न. दोघी बहिणींची गोष्ट मात्र त्यांच्या हातून पुरी झाली होती.